मुक्या सोबत्याचा श्वास

घरी पाळलेल्या कुत्र्यामांजरांना आपले दुखणे बोलून दाखविता येत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचा श्वास पुष्कळ काही सांगत असतो, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. कित्येकदा जनावर पशुवैद्याकडे नेले जाते ते त्याची जीभ निळसर पडल्यावर. वस्तुतः हे श्वासाच्या विकाराचे आरंभीचे नव्हे, तर फार उशिराचे लक्षण होय. रक्तातील प्राणवायू बराच घटल्यावाचून तो रंग उमटत नाही.

म्हणून रंगाची वाट न पाहता श्वास मोजण्याची सवय प्रत्येक पालकाने लावून घ्यावी. जनावर शांत झोपले असता छाती एकदा वर येऊन खाली गेली म्हणजे एक श्वास झाला. ३० सेकंदांतील श्वास मोजून त्यांची दुप्पट करावी. निरोगी कुत्र्याचा वा मांजराचा झोपेतील श्वास मिनिटास सामान्यतः ३० हून कमी असतो. तो वारंवार त्याहून अधिक भरू लागला, तर हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असण्याचा संभव असतो.

कुत्र्याचे धापणे हे नेहमीच दुखणे नव्हे. त्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. मुख्यतः जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा उडवून तो शरीर थंड राखतो. मात्र सावलीत, विसावलेला असतानाही तो धापत राहिला, मान पुढे ताणून व कोपरे फाकून उभा राहिला, आडवे होणे टाळू लागला, तर विलंब करू नये. मांजर स्वस्थ बसलेले असताना तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर तो आणीबाणीचाच प्रसंग समजावा. दबून बसून खोकणाऱ्या मांजराच्या घशात केस अडकले असावेत, असे मानून पुष्कळ जण स्वस्थ राहतात. तो दमाही असू शकतो.

पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे घोरणे ही कौतुकाची गोष्ट नव्हे. कवटी आखूड झाली, तरी आतील मऊ टाळू त्या प्रमाणात आखूडलेला नसतो; नाकपुड्याही अरुंद असतात. आपल्याकडील उन्हाळ्यात धापण्याचा हा मुख्य मार्गच कोंडला, तर उष्माघात ओढवू शकतो. केवळ रूपावर भाळून असे पिलू विकत घेणे म्हणजे त्याच्या जन्मभराच्या घुसमटीला हातभार लावणे होय.

पशुवैद्य दूर असल्यास एवढ्या निरीक्षणाचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उलट, जेथे वैद्य दूर, तेथेच लक्षण लवकर ओळखण्याचे मोल अधिक. श्वास कोंडलेल्या जनावरास बळेच औषध पाजू नये. त्यास न दमविता, न घाबरविता, थंड हवेतून वैद्याकडे न्यावे.

अर्धा मिनिट मोजण्यास पैसा लागत नाही, विद्याही लागत नाही. मुक्या जिवाला घरात आणणाऱ्याकडून एवढी अपेक्षा करणे वावगे नाही.