हुकूम लिहून द्या, सायेब!

मी उत्रोलीचा. भोर संस्थान 1948 ला विलीन झालं. महार वतन 1958 च्या कायद्यानं गेलं. पणज्याचा जोहार सुटला. पण गोदीत पणतवाला हाक तीच: "ए, तुम्ही लोक!"

परवा सुपरवायझरला म्हणालो, "स्लिंगच्या तारा तुटल्यात." तो खेकसला, "तू शिकवणार मला?" स्लिंग तुटली. माणसं वाचली, माल फुटला. रोजी कापली आमची!

दोस्तांनो, हा माज जुनाच आहे. फेब्रुवारी 1938, मनमाड. जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्या माणसाला रेल्वेत साधा पोर्टरही करत नव्हते. का? पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरात राबायचा, तिथं विटाळ! म्हणजे नोकरीची लायकी मास्तरच्या चुलीपाशी ठरत होती.

आजही लायकी आमचीच तपासतात. खुर्चीची कोण तपासणार? आपण! एकट्यानं शिवी हासडून रोजी घालवू नका. अख्ख्या टोळीनं हात थांबवायचा नि म्हणायचं, "हुकूम लिहून द्या, खाली सही करा."

स्वतःच्या हुकमाखाली सही करायला ज्याचा हात कापतो, तो कसला साहेब? लिहू दे त्याला. वाचता येतं आता आपल्याला.

जय भीम!