हाक आणि हित

इचलकरंजीजवळच्या नांदणी मठांतील माधुरी हत्तीण जुलै २०२५ मध्यें न्यायालयाच्या आदेशानें जामनगरच्या वनतारा केंद्रांत गेली. तेव्हां ज्या समाजमाध्यमांस आम्ही पोरखेळ समजत होतों, त्यांनींच गांवेंच्या गांवें जागीं केलीं. २ लाखांवर सह्या जमल्या; ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापुरापर्यंत मूक पदयात्रा निघाली. अखेर वनतारानें नांदणी परिसरांत पुनर्वसनकेंद्र उभारण्याची तयारी दाखविली. लोकशक्तीचा हा प्रभाव निर्विवाद होय. परंतु तिच्या पायांचे विकार व एकाकीपण यांचा विचार करून न्यायालयानें निर्णय दिला होता. आमच्या घरीं आलेल्या शेंकडों निरोपांत त्याविषयीं अवाक्षर नव्हतें. तरुणांनीं हाक अवश्य द्यावी. पण जिच्यासाठीं द्यावयाची, तिचें हित आधीं पाहावें.