अपस्मार आणि लग्नाची बैठक

वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहातील बाधा आहे, असे हिंदू विवाह कायद्याने १९७६ साली ठरविले आणि १९९९ साली ती तरतूद वगळली. परंतु सरकारने जी हरकत मागे घेतली ती समाजाने अद्याप घेतलेली नाही, आणि म्हणूनच उपवर मुलीला फिट येतात ही गोष्ट आईबाप मुलाकडच्यांपासून आजही लपवितात.

या लपवाछपवीचा पहिला बळी पडतो तो औषधोपचार. गोळ्यांचे पाकीट सासरी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते साड्यांच्या घडीत जाते. हळद, लग्न, गोंधळ, सत्यनारायण या धांदलीत गोळ्यांच्या वेळा चुकतात, जागरणे घडतात, आणि चुकलेली मात्रा व अपुरी झोप ही दोन्ही झटक्याला प्रबळ निमित्ते असल्यामुळे, जे झाकावयाचे तेच भर पाहुण्यांत उघडे पडते. मग कांदा हुंगवा, चप्पल नाकाशी धरा, असा गलका उसळतो. वस्तुतः रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, दातांत चमचा घालू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ इस्पितळात न्यावे.

प्रत्येक झटक्यात हातपाय ताठरतातच असे नाही. वर्गात काही क्षण शून्यात पाहणारे आणि 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खाणारे मूलही याच व्याधीने ग्रस्त असू शकते. मेंदूतील विद्युत्क्रियेचा हा क्षणिक उद्रेक. त्याच्यामागे जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्याचा मार, मेंदूज्वर, आनुवंशिकता, किंवा अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी असू शकतात, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. बाहेरची बाधा मात्र त्यात कोठेच नसते. फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून या रोगावर वापरात आहे. नियमित औषधाने दहांपैकी सुमारे सात रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, आणि उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा गुण येतो.

तेव्हा मुलगा असो वा मुलगी, पहिल्याच बैठकीत डॉक्टरांचे कागद समोर ठेवावेत, आणि दुसऱ्या पक्षाने झटके ताब्यात आहेत की नाहीत एवढेच विचारावे, हे मी आग्रहाने सांगतो. सुनेचे औषध घराला ठाऊक असले तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जाऊन, गर्भाला अपाय करू शकणारी व्हॅल्प्रोएटसारखी गोळी वेळेवर बदलून घेता येते. ठाऊक नसले तर दिवस राहिल्याचे कळताच ती भीतीने सारीच औषधे परस्पर बंद करते, आणि त्यानंतर येणारा झटका आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.