पणजीत चुकलेली होडी

जासईहून पनवेल स्टेशन गाठले की आमचा अर्धा प्रवास झाल्यासारखा वाटतो. फजर पढून निघालो, तरी कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकलीच. मांडवी एक्स्प्रेस मिळाली ती धावत. खिम्याचा डबा रिक्षातच राहिला, हे रोहा गेल्यावर कळले, तेव्हा बेगम आमच्याशी चिपळूणपर्यंत बोलल्या नाहीत.

आपाच्या नणंदेच्या मुलाचा वलिमा फोंड्याला होता. आम्ही, बेगम, दोन मुले, अम्मी, आपा आणि तिचा मुलगा, असे सात जण. रत्नागिरीजवळ कुणीतरी म्हणाले, "पानवलचा पूल आला." अम्मी डुलकीतून दचकून उठल्या आणि पिशवी उचलू लागल्या. "पनवेल? परत आलो की काय आपण?" चौसष्ट मीटर उंच पूल खालून सरकत होता आणि डब्यातले लोक हसत होते.

वलिमा छान झाला. दुसऱ्या दिवशी साफा मशीद पाहिली. १५६० सालची, आदिलशाही अमदानीतली. शेजारचा दगडी हौद मुलांना मशिदीपेक्षा जास्त आवडला. मग कदंबच्या बसने पणजी. मुलांना होडीत बसायचे होते.

मांडवीच्या काठावर दिवेलागणीला जे दिसते ते आधी ऐकून होतो, तरी थबकलो. नदीत नांगरून ठेवलेल्या मोठमोठ्या बोटी, आणि त्यांच्या दिव्यांनी पाणी लाल-निळे झालेले. एक माणूस कागद वाटत आला. बोट, जेवण, गाणी, सगळे एकाच तिकिटात. दोन हजार आगाऊ घेऊन त्याने आम्हाला एका धक्क्यावर रांगेत उभे केले आणि तो गेला तो गेलाच. फाटकावरच्या रखवालदाराने मुलांकडे पाहून मान हलवली. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

अम्मी संतापल्या. "आमच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तिच्यात तान्ही लेकरे बसतात. तुमची होडी काय सोन्याची?"

"माँजी, ये कॅसिनो है," तो हळूच म्हणाला.

एकही पत्ता हातात न घेता दोन हजार हरणारे आम्हीच असू. पर्यटकांच्या साध्या फेरीच्या बोटी सांता मोनिका जेट्टीवरून सुटतात, हे नंतर एका चहावाल्याने सांगितले. तोच म्हणाला, "आमका थंय वचपाक मेळना. ते तुमच्यासाठी." खरेच आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना या बोटींवर खेळायला मनाई आहे. पैसा बाहेरच्यांनी हरावा, आपली माणसे वाचावीत, असा हिशेब. आम्ही बाहेरचे.

काठावरच यूसुफ आदिलशहाचा वाडा उभा आहे. गोव्याची विधानसभा २००० सालापर्यंत तिथेच बसत असे. जुगारबंदीचा १९७६ चा कायदा वाकवून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि मग नदीतल्या बोटींवर टेबले आली, ती तिथल्याच मतांनी. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. कुरआन शरीफात जुगाराचे नाव दारूच्या जोडीने येते आणि त्यात थोडा फायदा आहे हेही तिथे नाकारलेले नाही, फक्त नुकसान त्याहून मोठे सांगितले आहे. गोव्याच्या तिजोरीकडे पाहिले की तो थोडा फायदा कुठला, ते कळते.

हे आम्ही भाच्याला सांगत होतो. तो दिव्यांकडे पाठ करून बसला होता.

"मामू," तो म्हणाला, "मला तिथे जायची गरजच पडली नाही."

मग सांगू लागला. फोनवर रमी. आधी पन्नास रुपये, मग पाचशे. सुरुवातीला जिंकला, म्हणून तर पुढे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि त्याचे ॲप बंद पडले. तोवर ऐंशी हजार गेले होते. आपाने उमऱ्यासाठी साठवलेले, त्याच्याच खात्यात ठेवलेले. आपा अजून पासबुक भरून आणायला सांगते आणि तो प्रत्येक वेळी मशीन बंद असल्याचे सांगतो. बंदीनंतरही दुसऱ्या वाटा शोधत होता, हेही त्याने लपवले नाही.

आम्हाला राग आला, आणि लाजही. जासईतल्या घराच्या ओट्यावर रात्री तो फोनमध्ये डोके घालून बसे, तेव्हा आम्हीच म्हणायचो, पोरगा घरात आहे, बाहेर भटकत नाही, अल्लाचा शुक्र. घरातच होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत.

"आपाला मी सांगू?" आम्ही विचारले.

तो उठला. आपा दहा पावलांवर मुलांना भुट्टा सोलून देत होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. बोटीवरच्या गाण्यात काही ऐकू आले नाही. आपाने भुट्टा बाजूला ठेवला, दुपट्ट्याचा पदर तोंडाशी धरला आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. मग तिने हात पुढे केला. त्याने फोन तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तो फोन आपाच्या पर्समध्ये सारखा वाजत होता. तिने तो काढला नाही, बंदही केला नाही. रत्नागिरीच्या आसपास अम्मींनी विचारले, "आता तरी पनवेल आले का?"

"अजून पानवल," भाचा म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलला असेल. आपाने त्याच्यापुढे केळे धरले.