गावचं पोरगं शिकवतंय, मग रिक्त पद भरायचं कोणी?

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक कमी पडला की गावातलं डी.एड. झालेलं एखादं पोरगं फुकट शिकवायला येतं. गावकरी फार तर वर्गणीतून पेट्रोलचे पैसे देतात. केंद्राच्या 'विद्यांजली २.०' पोर्टलवर २०२१ पासून अशा स्वयंसेवकांची नोंदणीही होते. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यायची जबाबदारी सरकारची आहे. वर्ग चालू दिसला की रिक्त जागेची ओरड थांबते. शाळेला टाळं ठोकायचा इशारा दिला, तर निदान साहेब तरी गावात येतात! शिवाय हे पोरगं टिकणार किती? पोलीस भरती निघाली की ते मैदानावर, आणि पहिली ते चौथी पुन्हा एकट्या गुरुजींच्या गळ्यात. त्यात निवडणूक लागली, तर गुरुजीही मतदार यादीच्या कामाला.