पावसाळी ट्रेक : चालताना नाही, थांबल्यावर सांभाळा

जुलै उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, शनिवारी हरिश्चंद्रगडला मुक्कामी जातोय, गुडघ्यासाठी काहीतरी द्या." गुडघ्याची काळजी घ्यायलाच हवी. पण "कोरडे कपडे किती नेताय?" असं विचारलं की बहुतेक जण हसतात. "अहो, भिजायलाच तर चाललोय!"

भिजायला माझा विरोध नाही. पण भिजत चालणं वेगळं आणि भिजलेल्या अंगाने रात्र काढणं वेगळं. आपण दोन्हीची गल्लत करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा गड सुमारे १४०० मीटर उंच आहे. दर हजार मीटरला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. त्यात वारा आणि धुकं. तरीही तिथे बर्फ पडत नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जायला, बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. ओली जीन्स आणि अंगावर येणारा वारा असेल, तर १५ अंशांची हवाही पुरते.

खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढताना हे जाणवत नाही, कारण राबणारे स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. वर पोहोचून तुम्ही बसलात की ही शेगडी विझते. कपडे मात्र ओलेच असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुक्कामी ट्रेकमध्ये आमचा एक मित्र संध्याकाळी गप्प झाला. सॅकची चेन त्याला उघडता येईना. "मला बसू द्या, तुम्ही पुढे व्हा," असं पुटपुटत तो दगडावर टेकला. आम्ही त्याला नाजूक म्हणून चिडवलं. मी डॉक्टर असूनही ते थकवाच समजलो. चहा हातात दिला तेव्हा त्याला कप धरता आला नाही आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो वाचला. पण वाया गेलेला तो अर्धा तास मला आजही टोचतो.

म्हणून ही लक्षणं पाठ करा : न थांबणारी थरथर, बोटं न वळणं, अडखळत चालणं, जड बोलणं, विनाकारण चिडचिड. ऊब मिळालेली नसताना थरथर थांबली, तर ते बरं होण्याचं नव्हे, बिघडण्याचं लक्षण आहे.

अशा वेळी आधी आडोसा शोधा. ओले कपडे काढा, अंग टिपा, कोरडे कपडे आणि टोपी घाला. खाली मॅट अंथरा, कारण ओली जमीनही उष्णता खेचते. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीला अगदी खेटून बसवू नका. "ऊब येईल" म्हणून दारू तर मुळीच नको. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर पडते. गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर रेंज मिळेल तिथून १०८ किंवा ११२ ला फोन करा.

मधुमेहींनी विशेष लक्ष द्यावं. साखर उतरल्यावरही अशीच थरथर आणि गोंधळ होतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर ग्लुकोमीटर न्या आणि सोबत्यांना आधीच सांगून ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे ही थरथर झाकली जाते, तेव्हा निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तयारी फार खर्चिक नाही. झोपायचे कपडे, मोजे आणि कानटोपी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत ती पिशवी उघडू नका. चालताना सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे घाला. खिशात चिक्की, गूळ-शेंगदाणे ठेवा आणि भूक लागायची वाट न पाहता खात राहा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रुपचा वेग सगळ्यात दमलेल्या माणसाने ठरवावा. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा : "कुणी गारठलं तर परत फिरायचं कोण ठरवणार?" याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका. गड पुढच्या शनिवारीही तिथेच असतो.