तारापूरची भिंत, दोन ब्रेकर आणि एक बंद अहवाल

आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय अणुवीज केंद्रातील एका लहानशा यंत्रभागाचा आहे. तक्रार मात्र आपल्या इतिहासलेखनाविरुद्ध आहे.

तारापूरचा इतिहास म्हणून मराठीत जे लिहिले जाते, त्याचा साचा ठरून गेला आहे. होमी भाभांची दूरदृष्टी, ऑगस्ट १९६३चा भारत-अमेरिका करार, १९६४ साली जनरल इलेक्ट्रिकला दिलेले कंत्राट, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेला वीजपुरवठा, जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालेले उद्घाटन, पोखरणनंतर अडलेले इंधन. यातील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु कोणी सुरक्षिततेविषयी विचारले की हेच लेखक एका वाक्यात विषय मिटवतात: अणुभट्टीभोवती जाड काँक्रीटची भिंत आहे. या वाक्यावर माझा आक्षेप आहे. भिंत आहे हे खरेच. पण त्या भिंतीला छिद्रे आहेत, ती मुद्दाम ठेवलेली आहेत, आणि त्या छिद्रांचा इतिहास भिंतीच्या इतिहासाहून अधिक बोलका आहे.

परळीच्या माणसाला वीज केंद्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९७१ साली ३० मेगावॉटचे पहिले संच सुरू झाले तेव्हापासून थर्मलची धुरांडी आणि राख या गावाच्या सवयीचा भाग झाली आहेत. २०१३च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि सारे केंद्र बंद करावे लागले, हेही येथील शाळकरी मुलांनी पाहिले आहे. थर्मल बंद केले की बॉयलर निवतो आणि विषय संपतो. अणुभट्टीचे तसे नाही. विखंडनाची साखळी थांबवली तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या पहिल्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. ती काढून नेण्यासाठी पाणी फिरवावे लागते, पाण्यासाठी पंप, पंपासाठी वीज. आणि हे सारे फसले तर जे आत आहे ते बाहेर येऊ नये म्हणून भट्टीभोवती बंदिस्त कवच असते, ज्याला कंटेनमेंट म्हणतात.

आता पेच पाहा. कवच हवाबंद हवे. पण आतल्या मोटारींना, झडपांना, मोजमापाच्या उपकरणांना वीज बाहेरूनच मिळणार. म्हणून शेकडो तारा त्या भिंतीतून आत न्याव्या लागतात. त्यासाठी भिंतीत पोलादी नळकांडी बसवलेली असतात आणि त्यांतून जाणारी प्रत्येक तार काचेच्या किंवा इपॉक्सीच्या सीलमध्ये घट्ट जखडलेली असते. या बांधणीला विद्युत पेनिट्रेशन म्हणतात. अपघाताच्या वेळी आत वाफेचा दाब आणि तापमान चढले तरी हे सील टिकले पाहिजे.

सील दाबाने फुटेल ही भीती सर्वांना सुचते. ते आतून जळेल ही भीती सहसा सुचत नाही. आत एखाद्या मोटारीत शॉर्टसर्किट झाले की तारेतून नेहमीच्या अनेक पट प्रवाह वाहू लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, दहापट तर शंभरपट. मोकळ्या तारेची उष्णता हवेत तरी जाते. भिंतीत कोंडलेल्या तारेची सीलमध्येच मुरते. सील वितळले की भिंत कितीही जाड असो, तिला आरपार वाट मिळाली.

मराठवाड्यात याचे एक रूप प्रत्येकाला ठाऊक आहे. डीपीवरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळतो. मग फ्यूज उडत नाही. डीपी जळते, आणि ऐन भरणीच्या दिवसांत गाव पंधरा दिवस अंधारात बसते. फ्यूज हा मुद्दाम दुबळा ठेवलेला भाग असतो. त्याने आधी मरावे म्हणजे महागाचे वाचावे, एवढाच त्याचा धर्म. अणुवीज केंद्रातले गणित हेच आहे, फक्त तेथे वाचवायची वस्तू ट्रान्सफॉर्मर नसून कवच आहे. ब्रेकर किती प्रवाहाला किती वेळात सुटतो याचा एक आलेख असतो, सील किती प्रवाह किती वेळ सोसते याचा दुसरा. पहिला आलेख सर्वत्र दुसऱ्याच्या खाली राहिला पाहिजे.

पण ब्रेकरच सुटला नाही तर? त्याचे संपर्क वितळून चिकटतात, यंत्रणा गंजते, त्याला हुकूम देणारी बॅटरी ऐनवेळी मृत निघते. थर्मलमध्ये अशा वेळी मोटार जळते, फार तर केबलला आग लागते. अणुवीज केंद्रात मात्र मागच्याने पुढच्याची जबाबदारी घ्यावी असा दंडक आला: कोणताही एक भाग निकामी झाला तरी संरक्षण टिकले पाहिजे. म्हणून एकाच तारेवर एकामागोमाग दोन ब्रेकर. आणि दोघांना हुकूम देणारी बॅटरी एकच असेल, तर ते दोन असून एकच, हेही त्यात आले. ज्या तारांची भट्टी चालू असताना गरजच नसते, उदाहरणार्थ दुरुस्तीच्या वेळी लागणारे वेल्डिंगचे सॉकेट, त्यांची वीज बाहेरूनच तोडून कुलूप लावावे, असाही सोपा मार्ग ठेवला गेला.

येथवर अभियांत्रिकी झाली. आता तारखा, कारण तक्रार तारखांपासून सुरू होते.

तारापूरचे कंत्राट १९६४चे. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने केंद्रांच्या आराखड्यासाठी सर्वसाधारण निकषांचा पहिला मसुदा काढला तो नोव्हेंबर १९६५ मध्ये. सुधारित मसुदा १९६७चा, अंतिम निकष १९७१चे. विद्युत पेनिट्रेशनविषयी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे पहिले मानक, क्रमांक ३१७, तेही १९७१चे. आणि पेनिट्रेशनचे अतिप्रवाहापासून रक्षण करताना एकाच ब्रेकरवर विसंबू नये, हे ज्या मार्गदर्शिकेच्या आधारे तपासले जाऊ लागले ती क्रमांक १.६३ची मार्गदर्शिका प्रथम निघाली १९७३ मध्ये. म्हणजे तारापूरचे पहिले दोन संच मागवले गेले तेव्हा हा प्रश्न नियमाच्या भाषेत विचारलाच गेलेला नव्हता, आणि तो विचारला गेला तेव्हा ते संच चार वर्षे वीज देत होते. यात भाभांचा दोष नाही, जनरल इलेक्ट्रिकच्या त्या काळच्या अभियंत्यांचाही नाही. सुरक्षिततेचे नियम केंद्रांच्या मागून आले, हा जगभरचाच क्रम आहे. ‘त्या काळचे सर्वोत्तम तंत्रज्ञान’ हे वाक्य लिहिणाऱ्यांनी ‘त्या काळचे’ या दोन शब्दांवर थोडे थांबायला हवे होते.

अमेरिकेत पुढे काय झाले, ते पाहणे उद्बोधक आहे. १९७७ नंतर तेथील नियामकाने जुन्या केंद्रांची पद्धतशीर फेरतपासणी हाती घेतली. मिशिगनमधील बिग रॉक पॉइंट हे त्यातले एक. जनरल इलेक्ट्रिकच्याच पहिल्या पिढीतले, तारापूरचे थोरले भावंड म्हणावे असे. तपासणीच्या विषयांत एक स्वतंत्र विषय होता: कवचातील विद्युत पेनिट्रेशने. प्रश्न साधा होता. आत शॉर्टसर्किट झाले आणि पहिला ब्रेकर सुटला नाही, तर सील वितळण्याआधी दुसरा सुटेल का? जुनी केंद्रे या कसोटीला सरसकट उतरली नाहीत, आणि कोठे काय कमी पडले ते अहवालांत छापले गेले. हे अहवाल आज कोणीही वाचू शकतो. पुढे तेथील केंद्रांच्या नियमावलीत या ब्रेकरांची चाचणीही आली: दर १८ महिन्यांनी प्रत्येक प्रकारातील किमान १० टक्के ब्रेकर प्रत्यक्ष जादा प्रवाह देऊन तपासायचे, त्यातला एक नापास झाला तर आणखी १० टक्के. कंटाळवाणे काम आहे. त्यावर कोणी चित्रपट काढणार नाही.

आपल्याकडे या विषयाला दुसऱ्याच वाटेने उजाळा मिळाला. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत अलाबामातील ब्राउन्स फेरी केंद्रात केबलच्या भिंतीतील मार्गातून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होते. सीलचा फोम पेटला, आग सुमारे सात तास चालली आणि सोळाशेहून अधिक केबल जळाल्या. एकमेकींना पर्याय असलेल्या केबल शेजारी शेजारी टाकल्या तर पर्याय उरत नाही, हा धडा त्या दिवशी जगासमोर आला. सुमारे १८ वर्षांनी, ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलमार्गांत शिरली आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबलही त्याच आगीत गेल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होते. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून बोरॉनचे द्रावण हाताने भट्टीत सोडले. किरणोत्सार बाहेर गेला नाही, याचे श्रेय त्या माणसांचे.

आपल्या अणुइतिहासात नरोऱ्याला जेमतेम एक ओळ मिळते. त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १९९४ मध्ये, कारवारजवळच्या कैगा येथे बांधकाम चालू असताना कवचाच्या घुमटाचे काँक्रीट कोसळले, त्याविषयी मात्र बरेच लिहिले गेले. काँक्रीट पडलेले दिसते. केबल कोठून गेली होती, हे दिसत नाही.

नरोऱ्यानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, देशातील अणुप्रकल्पांच्या सुरक्षिततेचा आढावा घेतला. १९९५चा तो अहवाल सुमारे १३० मुद्द्यांचा होता, हे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी तो उघड व्हावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारने १९६२च्या अणुऊर्जा कायद्यातील कलम १८ पुढे केले. उच्च न्यायालयात याचिका फेटाळली गेली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू मान्य केली. अहवाल बंद राहिला.

याचे समर्थन नेहमी राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाने होते. अस्त्रांविषयी ते समजू शकते. पण तारापूरचे पहिले दोन संच आरंभापासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. ती देखरेख इंधनाच्या हिशेबाची आहे, ब्रेकरची नव्हे, हे मान्य. तरीही परदेशी निरीक्षक ज्या वास्तूत जाऊ शकतो, त्या वास्तूच्या सीलविषयी पालघरच्या मच्छीमाराला वाचता येऊ नये, हा तर्क मला उमगत नाही. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी आपली घरे सोडली. आपण कशाशेजारी राहतो, हे विचारण्याचा हक्क त्यांनी पुरेशा किमतीत विकत घेतला आहे. आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकेने आपल्या केंद्रांच्या उणिवा छापल्या. त्यांचे शत्रू काही कमी नव्हते.

दुसरे समर्थन असे, की सुधारणा झाल्या आहेत. झाल्या आहेत. २००५-०६ मध्ये तारापूरचे जुने संच काही महिने बंद ठेवून अधिक क्षमतेची डिझेल जनित्रे बसवली गेली, दोन्ही संचांची सामाईक विद्युत व्यवस्था वेगळी केली गेली, पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला गेला. चांगलेच झाले. परंतु या यादीतून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते: तोवर ३६ वर्षे ती व्यवस्था सामाईक होती. सुधारणेची बातमी म्हणजे मागच्या उणिवेची कबुली असते, आणि बातमीपत्राचा असा उलट्या बाजूने पाठ करणे हेच तर आपल्याला वर्गात शिकवले जाते. शिवकालीन कागदांत आपण महसुलाच्या सूटपत्रावरून दुष्काळ ओळखतो. मग येथे हात का आखडतो?

हा अभियंत्यांचा विषय आहे, इतिहासकारांनी त्यात पडू नये, असे काही मित्र म्हणतील. किल्ल्याच्या तटाची जाडी, तोफेचा पल्ला, बारुदाचे प्रमाण यांवर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांनी तरी हे म्हणू नये. पन्हाळ्याचा दरवाजा अभ्यासाचा विषय असेल, तर तारापूरच्या कवचातील दरवाजेही आहेत.

१९९५चा तो अहवाल आता तीस वर्षांहून जुना झाला आहे. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने जुने कागद संशोधकांना खुले करण्याची वाट दाखवली, पण ती गोपनीयतेचा शिक्का नसलेल्या कागदांपुरती. शिक्का काढण्याची मागणी आपल्याला लेखी करावी लागेल, आणि ती विद्यापीठांच्या इतिहास विभागांतून गेली तर तिला वजन येईल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. तारापूर सुरू झाले तेव्हा जे पंचविशीत होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. बोईसर, पालघर, डहाणू येथे ज्यांची माणसे आहेत, त्यांनी या आजोबांना भाभा कसे होते हे विचारू नये. ते पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. पाळीवर असताना कोणता ब्रेकर सारखा त्रास द्यायचा, तो कोणी आणि कधी बदलला, हे विचारावे आणि तारखेसह उतरवून घ्यावे.